भरताच्या आगीवरचं सूप

अगं, काल फोनवर सहज बोलून गेलीस, "ताई, सगळ्यांचं आवरेपर्यंत माझी भूकच मरते, मग चहात पोळी बुडवते नि झोपते." तेव्हा माझ्या सासूबाई शेजारी होत्या, म्हणून मी गप्प बसले. आता ऐक, रात्री घरचं सूप करत जा.

पाकिटातलं सूप अजिबात आणू नकोस. त्यात पीठ आणि मीठच फार, भाजी नावाला. दिवसाला चहाचा सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पापड, ठेचा आणि शेव मिळून तेवढं दुपारीच होतं गं!

तुला भरीत येतं ना? मग अर्धं सूप आलंच म्हणून समज. ओव्हन नाही म्हणून अडून बसू नकोस. भरताचं वांगं घे, बामणोदकडचं हिरवट, कमी बियांचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. जळगावच्या या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. सुरीनं चार ठिकाणी टोच, नाहीतर गॅसवर फुटेल आणि ओटा पुसत बसशील. शेतातल्या पार्टीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात, तो वास गॅसला येत नाही, खरंय. पण कपाशीवर किती फवारण्या होतात ते आपण बघतोच, तेव्हा घरी गॅसच बरा.

चौघांना अर्धं वांगं पुरे. जास्त घातलंस तर सूप राखाडी दिसतं आणि पोरं तोंड फिरवतात. चार टोमॅटो जाळीवर साल तडकेपर्यंत भाज. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल टाकून पाव किलो डांगराच्या (लाल भोपळ्याच्या) जाड फोडी, दोन कांदे उभे चिरून आणि आठ-दहा लसणाच्या पाकळ्या सालासकट मांड. वर झाकण, आच मंद. सारखं हलवू नकोस. एका बाजूला तांबूस डाग पडले की मगच उलट. भाजीतलं पाणी आटून गोडी वर येते ती तिथेच, आणि उकडलेल्या भाजीचं सूप बेचव लागतं ते असं होत नाही म्हणूनच. तेलाला कंजूषी नको, टोमॅटोतलं लायकोपीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते.

वांगं-टोमॅटो दहा मिनिटं झाकून ठेवले की सालं हातानं निघतात. नळाखाली धुऊ नकोस हं, सगळा खमंगपणा मोरीत जाईल. काळा चुरा मात्र नीट काढ, कडू लागतो. आता लसूण सोलून, सगळं एकत्र कर आणि मूठभर भाजलेले दाणे घालून मिक्सरला फिरव. क्रीम नको, कॉर्नफ्लोअर नको, दाण्यांनी छान दाटपणा येतो. मिश्रण निवू दे आणि भांडं अर्धंच भर, गरम असताना झाकण उडतं. गाळू तर मुळीच नकोस, चोथाच तर तुझ्या पोटाला हवाय. मग पाणी घालून एक उकळी, मिरपूड, बेताचं मीठ. लिंबू खाली उतरवल्यावर पिळ, उकळीत त्याचं क जीवनसत्त्व कमी होतं.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघाला की तुमच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. तेव्हा दुधी घाल, काही बिघडत नाही.

एक मात्र सांगते, नुसत्या वाटीभर सुपावर रात्र काढू नकोस, बारीक होण्याच्या नादात तर नाहीच. त्यात शिजवलेली मुगाची डाळ घाल किंवा सोबत अर्धी कळण्याची भाकरी घे. तुझ्या सासूबाई म्हणतीलच, "हे काय आजाऱ्याचं पाणी!" वाद घालू नकोस. त्यांच्या वाटीत पाणी कमी घाल, वरून लसूण-मिरचीची फोडणी दे आणि भाकरी कुस्करून पुढे ठेव. तुझी वाटी मात्र आधीच बाजूला काढ आणि सगळ्यांबरोबरच जेवायला बस.