माशाच्या कानातला खडा

टोपी बाजारापासून समुद्र फार दूर. पण मुंबईच्या नातेवाइकांकडे कुणी घोळ मासा चिरताना पाहिला असेल, तर त्याच्या डोक्यातले पांढरे खडे आठवतील. ते कानातले खडे. त्यांच्यामुळे मासा ऐकतो, तोल सांभाळतो. त्यांतल्या वलयांवरून वय कळते.

खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, स्फटिक मोत्यातल्यासारखे, म्हणजे अ‍ॅरॅगोनाइटचे. कधी मात्र तेच द्रव्य व्हॅटेराइट या रूपात जमते. मग खडा हलका, काचेसारखा होतो आणि माशाला कमी ऐकू येते. (रोहूच्या कुळात तीन जोड्यांपैकी एक जोडी मुळातच व्हॅटेराइटची, तो दोष नव्हे.) २०१६ च्या अभ्यासात पाळीव सॅल्मनमध्ये हा दोष नैसर्गिक माशांच्या दसपट आढळला. २०१७ मध्ये कारण दिसले ते भराभर वाढीचे. लवकर वजन भरण्याची ही घाई आम्हाला तरी महागच वाटते.

प्राचीन माशांत असे होते का? सुरतजवळच्या वस्तान खाणीतल्या पाच कोटींहून अधिक वर्षे जुन्या खड्यांचे वर्णन २००६ साली प्रसिद्ध झाले. पण व्हॅटेराइट अस्थिर. काळाच्या ओघात त्याचे कॅल्साइट, म्हणजे संगमरवरातले खनिज, होते. म्हणून जुन्या खड्याचे खनिज तपासून भागत नाही, त्याचा बिघडलेला आकारही पाहावा लागतो.