तळ्याकाठचे सहजीवन व देवणी गोवंश

देवणी तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून, मांजरेच्या खोऱ्यात वसला आहे. वानेरा, बाळंक्या व शेवरा या तीन प्रकारांच्या गोवंशामुळे देवणीचे नाव सर्वदूर पोहोचले. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात अनेक पाझर तलाव झाले. पावसाळा सरून पाणी ओसरू लागले, की अशा तलावांच्या काठी कोवळे गवत उगवते आणि गुरे तिकडे ओढ घेतात. या काठावर कोण कोणाच्या आधाराने जगतो, हे जाणणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्याचे मोठे नुकसान टळते. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

सहजीवन म्हणजे काय?

भिन्न जातींचे जीव एकमेकांच्या निकट सहवासात राहतात, त्यास सहजीवन म्हणतात. ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७९ मध्ये रूढ केली. सहजीवनाचे तीन प्रकार आहेत. दोघांचाही लाभ होतो तो परस्परोपकार. एकाचा लाभ होतो व दुसऱ्याचे फारसे काही बिघडत नाही ती सहभोजिता. आणि एकाच्या जिवावर दुसरा जगतो ती परोपजीविता. तळ्याकाठी हे तिन्ही प्रकार पाहावयास मिळतात.

परस्परोपकार : अझोला व धैंचा

संथ पाण्यावर तरंगणारी अझोला ही एक नेचेवर्गीय वनस्पती आहे. तिच्या पानांतील पोकळीत निळे-हिरवे शेवाळ राहते. शेवाळ हवेतील नत्र बांधून वनस्पतीस देते. वनस्पती त्यास निवारा व अन्न पुरविते. म्हणूनच चीन व व्हिएतनाममधील शेतकरी भाताच्या खाचरात अझोला फार पूर्वीपासून वाढवीत आले. आपल्याकडे ती पूरक पशुखाद्य म्हणून उपयोगी पडते. सावलीतील उथळ खड्ड्यात, वीतभर पाण्यात, थोडा शेणकाला घालून ती वाढवावी. जनावरांस देण्यापूर्वी स्वच्छ धुऊन घ्यावी व प्रारंभी थोडी थोडी खाद्यात मिसळून सवय लावावी. कडक उन्हात ती टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

धैंच्याच्या मुळांवरील गाठींतही असाच व्यवहार चालतो. गाठींतील जिवाणू नत्र बांधतात व झाड त्यांस साखर देते. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी असे जिवाणू वेगळे करून दाखविले. धैंचा पाणथळ व काहीशा चोपण जमिनीतही तग धरतो. तळ्याखालच्या पाणी साचणाऱ्या पट्टीत पावसाच्या आरंभी तो पेरावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी, फुलावर येण्याच्या सुमारास, जमिनीत गाडावा.

सहभोजिता : गाय व गायबगळा

चरणाऱ्या गाईच्या पावलांमुळे गवतातील नाकतोडे व इतर किडे उडतात. गायबगळा ते टिपतो. एकट्याने फिरून मिळेल त्यापेक्षा अधिक भक्ष्य त्यास कमी चालून मिळते. गाईस यात तोटा नाही. काही प्रमाणात तिच्या अंगाभोवतीच्या माश्याही कमी होतात. आफ्रिकेतील गायबगळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले व तेथे गुरांच्या कळपांमागे पसरले. विणीच्या काळात याच्या डोक्यावर व मानेवर केशरी छटा येते. पाण्याजवळच्या झाडांवर हे पक्षी थव्याने घरटी करतात. ती झाडे तोडू नयेत आणि काठालगत कीटकनाशके फवारू नयेत.

परोपजीविता : गोगलगाय व यकृतकृमी

खरा धोका येथे आहे. बाधित जनावराच्या शेणातून यकृतकृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली अळी उथळ पाण्यातील विशिष्ट गोगलगाईच्या शरीरात शिरते व तेथे तिची संख्या वाढते. पुढे या अळ्या बाहेर पडून काठच्या गवतावर सूक्ष्म कोष करून चिकटतात. ते गवत खाल्ले, की कृमी जनावराच्या यकृतात जातात. जनावर खंगते, दूध घटते, डोळ्यांच्या आतील त्वचा फिकी पडते, हगवण लागते व जबड्याखाली सूज येते. काही वेळा जनावर दगावते. ज्या हिरव्या गवताने गाय पोसावी, त्याच गवतातून रोग शिरतो, म्हणून ही बाधा सहज लक्षात येत नाही.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

१. पाणी नुकतेच ओसरलेल्या ओल्या पट्टीत गुरे चारू नयेत, असे गावकऱ्यांस समजावून द्यावे. उंचावरील कोरड्या भागातील गवत चारण्यास हरकत नाही.

२. गुरांस तळ्यात उतरविण्याऐवजी काठापासून दूर हौद बांधून तेथे पाणी पाजावे.

३. शेण तळ्यात जाऊ देऊ नये. खड्ड्यात नीट कुजविल्यास तेथील उष्णतेने कृमींची अंडी नष्ट होतात.

४. लक्षणे दिसताच शेण तपासून घ्यावे व पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच कृमिनाशक औषध द्यावे.

५. गोगलगाई मारण्यासाठी तळ्यात विष टाकू नये. त्याने मासे मरतात व पाणी बिघडते. बदके पाळल्यास ती गोगलगाई खातात.

तळ्यातील कोणाशी मैत्री राखावी व कोणाचा मार्ग अडवावा, हे ओळखणे हीच या पाठाची शिकवण होय. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागते. त्यापूर्वीच ग्रामसभेत हा विषय मांडावा व चराईची हद्द दगड रोवून निश्चित करावी.