नावेतील घर

शास्त्रभाग : मार्क ४:३५-४१, प्रेषितांची कृत्ये १८:१-३ व १८-२६

दिल्लीहून मुरादाबादकडे जाताना गंगा ओलांडण्यापूर्वी गढमुक्तेश्वर हे गाव लागते. राजधानी परिक्षेत्रात आज त्याची गणना होते. कार्तिकी पौर्णिमेच्या मेळ्यासाठी ते प्रसिद्ध आहे, आणि घाटावर यात्रेकरूंना फिरवून आणणाऱ्या लहान होड्या दिसतात. याच घाटावर एके काळी मेरठकडील माणसे सामानसुमानासह नावेत बसून थेट कलकत्त्याकडे निघत असत, हे आता खरे वाटत नाही. १८५४ साली गंगेचा कालवा सुरू झाला, नदीचे पाणी शेतांकडे वळले; पुढे आगगाडी आली आणि जलमार्ग मागे पडला.

त्या काळी मेरठच्या छावणीत राहून गेलेल्या एका दांपत्याचा परिचय करून घेत आजचा पाठ अभ्यासावयाचा आहे. कॅप्टन हेन्री शेरवुड हे इंग्रजांच्या ५३व्या पायदळ पलटणीत पगारवाटपाचे काम पाहत. त्यांची पत्नी मेरी मार्था ही लेखिका. १८०५ साली ती दोघे हिंदुस्थानात आली ती आपली पहिली तान्ही मुलगी इंग्लंडात ठेवून. दानापूर, बंगालमधील बहरमपूर, कानपूर आणि शेवटी मेरठ अशी त्यांची बिऱ्हाडे झाली. कानपूरपर्यंतची वाट त्यांनी नदीने काढली.

नदीवरचा हा प्रवास सहल नव्हती. ज्या मोठ्या नावेला बजरा म्हणत, तिच्यात पाठीमागे दोन लहान खोल्या असत, तेवढेच घर. पूर्वेचा वारा मिळाला तर शीड उभारावयाचे, नाही तर दांडी म्हणजे नावाडी काठावर उतरून खांद्यावर दोर घेत व प्रवाहाविरुद्ध नाव ओढीत. चिखल, बाभळी, कोसळती दरड, सारे तुडवीत ते चालत. सुकाणू मांझीच्या हाती असे. स्वयंपाकाची नाव वेगळी. ती मागे राहिली की जेवण लांबे, आणि वादळ झाले तर ती रात्रीपर्यंत दिसतही नसे! संध्याकाळी नाव काठाला बांधली की नावाडी किनाऱ्यावर चुली पेटवीत, कारण परधर्मीयांच्या नावेत शिजविलेले अन्न त्यांच्यापैकी अनेकांना चालत नसे. मग गावातील लोक दूध, भाजी, कोंबड्या घेऊन येत. अशा रीतीने राजमहाल, मुंगेर, गाझीपूर, चुनार अशी गावे एकामागून एक येत. मुंगेरला लोहारकामाच्या वस्तू विकणारे नावेभोवती गर्दी करीत; गाझीपूर गुलाबपाण्यासाठी ओळखले जाई. कानपूर गाठावयास काही महिने लागत.

मार्क ४:३६ पुन्हा वाचून पाहा. वादळ शांत करणाऱ्या प्रभूची नाव आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच्याबरोबर आणखीही नावा होत्या, ही त्या वचनातील नोंद आपण बहुधा वाचून सोडून देतो. त्या नावांत कोण होते, त्यांनी वादळात काय सोसले, शुभवर्तमान सांगत नाही. शेरवुड कुटुंबाच्या प्रवासातही संपूर्ण पलटण नावांच्या तांड्याने चालली होती, तीत शिपायांच्या बायकामुले होती, आणि दोर ओढणारे नावाडी होते. त्या नावाड्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

आता १८०७ सालाकडे या. त्या वर्षी बहरमपूर येथे त्यांचा लहानगा हेन्री डांग्या खोकल्याने वारला. पलटणीला कानपूरचा हुकूम झाला आणि शोकात असलेली ही आई तान्ह्या ल्यूसीला घेऊन नावेत चढली. लष्कराचा हुकूम आईच्या दुःखासाठी थांबत नाही. ल्यूसीही पुढे बाळपणीच गेली. या वियोगांच्या काळात मेरी मार्थाचा विश्वास नावापुरता न राहता मनापासूनचा झाला. छावणीतील अनाथ व दुर्लक्षित मुलांसाठी ती जेथे गेली तेथे शाळा चालवीत राहिली. कानपूरला १८०९ साली उन्हाळ्याच्या झळांतून पालखीने आलेला हेन्री मार्टिन त्यांच्याच दारात मूर्च्छित होऊन पडला, आणि त्याच घरी त्याची शुश्रूषा झाली. नव्या कराराचे उर्दू भाषांतर करणारा तो हाच. पुढील एका मुलाचे नाव त्यांनी हेन्री मार्टिन ठेवले.

प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अक्विला व प्रिस्किल्ला यांना आपण अशाच स्थितीत पाहतो. कैसराच्या हुकुमाने रोम सुटले, करिंथात तंबू शिवण्याचे काम सुरू झाले, आणि मग पौलाबरोबर ती दोघे जहाजाने इफिसला गेली. तेथे त्यांनी अपुल्लोसाला आपल्याकडे नेऊन अधिक अचूक शिक्षण दिले. नव्या करारात या दांपत्याचा उल्लेख सहा वेळा आहे, आणि जुन्या हस्तलिखितांप्रमाणे त्यांपैकी चार वेळा पत्नीचे नाव आधी येते. पतीच्या मागून निघालेली स्त्री, एवढीच तिची ओळख पवित्र शास्त्र देत नाही.

मेरी मार्थाचेही तसेच झाले. पतीचे नाव आज कोणी घेत नाही, परंतु १८१४ साली प्रसिद्ध झालेले तिचे 'लहान हेन्री आणि त्याचा चाकर' या आशयाच्या नावाचे पुस्तक हिंदुस्थानी, सिंहली, चिनी अशा अनेक भाषांत गेले. त्यातील मुलाला तिने आपल्या गेलेल्या बाळाचेच नाव दिले आहे. तथापि ते पुस्तक डोळसपणे वाचावयास हवे असे मला वाटते. त्यात या देशातील माणसाकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळदा राज्यकर्त्यांची आहे. चाकराने मुलावर केलेली माया तिला दिसते, पण त्याचे स्वतःचे घर, त्याची मुले तिला फारशी दिसत नाहीत. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटना'तही एक दांपत्य गावोगाव प्रवास करते, पण तेथे वाटेवरच्या विधवांची दुःखे कानी घालणारा लेखक आपल्यातलाच आहे, हा फरक ध्यानात येतो.

मंडळीत हा पाठ घेणाऱ्यांनी एक प्रश्न टाळू नये. सेवेसाठी किंवा नोकरीसाठी बदलीच्या गावी जाताना लेकरू आजीकडे वा वसतिगृहात ठेवणारी कुटुंबे आपल्यातही आहेत, आणि त्यांना सरसकट दोष देणे सोपे आहे. शाबासकी देणे त्याहूनही सोपे. शेरवुड दांपत्य १८१६ साली मायदेशी परतले, तेव्हा तान्ही असता मागे ठेवलेली त्यांची मुलगी अकरा वर्षे आईबापांवाचून वाढली होती.