भरवणाऱ्या हातांना शिकवू या



या अंकातील पाठ पाड्यांवर भेटीला जाणाऱ्यांसाठी आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेले बाळ पुष्कळदा जिभेने घास बाहेर ढकलते, मान मागे टाकते. एकेका जेवणाला तास लागतो आणि दोष मात्र आईला दिला जातो. खरे तर तोंडाच्या व गिळण्याच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा कमी असतो. अशा बाळाला निजवून पेज पाजली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यातून न्यूमोनिया होतो. कधी जिवावरही बेतते.

म्हणूनच ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाळाबरोबर भरवणाऱ्यालाही शिकवतात. थेरपी कधीमधी मिळते, भरवायचे मात्र रोज असते. आई कामावर गेली की भरवते आजी किंवा थोरली बहीण. तिलाही शिकवायला हवे.

काय शिकवावे?

१. बाळाला ताठ बसवावे. पाठीला व पायांना आधार द्यावा. हनुवटी किंचित खाली असावी.
२. लहान, उथळ चमचा समोरून आणावा. वरून आणला की मान मागे जाते.
३. पातळ पेजेपेक्षा दाटसर, गुठळ्या नसलेली नाचणीची पेज किंवा कुस्करलेला वरणभात पुष्कळ मुलांना सोपा जातो. किती दाट, हे तज्ज्ञांना विचारावे.
४. एक घास गिळल्यावरच दुसरा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास निजवू नये.
५. ठसका लागला, घशात घरघर झाली, तर थांबावे. असे वारंवार होत असल्यास, ताप येत असल्यास डॉक्टरांकडे न्यावे. ओठ निळे पडले तर क्षणही दवडू नये.

कसे शिकवावे?

आजीला मान मागे टाकून स्वतःची लाळ गिळायला सांगावे. अडचण तिला लगेच कळेल. मग एकदा भरवून दाखवावे, चमचा तिच्या हाती द्यावा व शांतपणे पाहावे. जे बरोबर जमले, ते आधी सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत मुले तपासते आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी. पहिल्या खेपेला कुटुंबाबरोबर कुणी गेले, तर मोठा धीर मिळतो.

चर्चेसाठी: आपल्या ओळखीच्या पाड्यावर असे मूल आहे का? त्याला कोण भरवते? तिला आजवर कुणी शिकवले आहे का?