जाळीच्या तारेवर शिकलेली गिटार

प्रश्न : माझा पुतण्या मुंबईला नोकरीला आहे आणि त्याला ब्लूज नावाच्या अमेरिकन संगीताचे वेड आहे. बडी गाय नावाचे मोठे गिटारवादक मुंबईत येऊन गेले, ते शेतमजुराचे पोर होते आणि खिडकीच्या जाळीची तार काढून वाजवायला शिकले, असे तो सांगतो. हे खरे आहे का? आमच्या भागात दिवसा धानाच्या बांधीत राबून रात्री दंडारीच्या लोकनाट्यात उभे राहणारे पुष्कळ होते. कलेवर पोट मात्र कोणाचेच भरले नाही. या माणसाचे कधी भरले?
– एक वाचक, प्रतापगड, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : जाळीची तार खरी आहे. बडी यांनी ती हकिकत स्वतःच कितीदा तरी सांगितली आहे, आईच्या वैतागासकट. डास येऊ नयेत म्हणून खिडकीला लावलेल्या जाळीतून पोराने तारा उपसल्या आणि घरभर डास झाले.

जॉर्ज ऊर्फ बडी गाय यांचा जन्म ३० जुलै १९३६चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यातला. आईवडील बटईने कापूस पिकवायचे. जमीन गोऱ्या मालकाची, राबणूक काळ्या कुटुंबाची आणि वर्षाचा हिशेब मालकाच्या वहीत. बडी लहानपणापासून कापूस वेचायला जात. शंभर पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो कापूस वेचला की अडीच डॉलर मिळत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटतात, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही वेचणीच्या बाईला विचारा. त्याच बोटांनी हे पोर तारा दाबत होते. पुढे वडिलांनी एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गिटार घेऊन दिली, तिला दोनच तारा होत्या. गुरू कोणी नव्हता. ब्लूज गायक जॉन ली हूकर यांची ‘बूगी चिलन’ ही १९४८ची तबकडी ऐकायची आणि त्यातले सूर बोटांनी हुडकत बसायचे, एवढीच तालीम.

ब्लूजची घडण थोडी सांगतो, म्हणजे हा माणूस वेगळा का, ते कळेल. नेहमीच्या ब्लूजमध्ये एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. गळा ओळीचा निम्माच वेळ घेतो. उरलेल्या निम्म्यात गिटार पोवाड्यातल्या झीलकऱ्यासारखी शाहिराची ओळ उचलून धरते, कधी त्याच्यावर मातही करते. ब्लूजचा जीव आहे तो कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत. तुमच्याकडच्या नाटकात वाजणाऱ्या ऑर्गनला ती जागा नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरी पट्टी नसते. गिटारवर तार बोटाने आडवी ओढली की स्वर हळूहळू वर चढतो आणि त्या जागेवर थांबवता येतो. आपले सतारिये मींड काढतात ती याच रीतीने. बडी यांची तार इतकी ओढली जाते की स्वर किंचाळतो, आणि लगेच पुढच्या क्षणी कुजबुजण्याइतका खाली येतो. हा चढउतार त्यांचा स्वतःचा आहे. तो दुसऱ्या कोणाकडे मी तरी ऐकलेला नाही.

थोडे मोठे झाल्यावर ते जवळच्या बॅटन रूज शहरात आले आणि तिथल्या विद्यापीठात साफसफाई-देखभालीच्या कामाला लागले. तिथेच त्यांनी गिटार स्लिम या वादकाचा कार्यक्रम पाहिला. गिटारला लांबच लांब वायर जोडून स्लिम प्रेक्षकांतून वाजवत यायचे. बडी यांनी ते मनात ठेवले आणि पुढे म्हातारपणीही मंच सोडून लोकांमध्ये वाजवत फिरत राहिले.

२५ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांनी आगगाडीने शिकागो गाठले. दक्षिणेतले काळे लोक तेव्हा लाखांनी उत्तरेकडे निघाले होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख माणसे गेली. कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने यांत रोजंदारी मिळत होती, आणि त्या वस्त्यांमधल्या दारूच्या गुत्त्यांत खेड्यातला ब्लूज विजेच्या गिटारवर वाजू लागला होता. बडी यांना काम मिळेना. उपाशीपोटी ते परतायच्या बेतात होते. तशात एका क्लबात त्यांनी वाजवले आणि मडी वॉटर्स यांनी ते ऐकले. मडी म्हणजे शिकागो ब्लूजचे थोरले नाव, आणि तेही मिसिसिपीच्या कापूसमळ्यावर ट्रॅक्टर चालवत आलेले. त्यांनी या पोराला मोटारीत बसवून सँडविच खाऊ घातले. पुढे मडी यांच्या ‘फोक सिंगर’ या तबकडीसाठी (१९६४) ध्वनिमुद्रण कंपनीला जुन्या धाटणीचा साधी गिटार वाजवणारा हवा होता, तेव्हा मडी बडींनाच घेऊन गेले. साऱ्यांना वाटले होते कोणी पिकल्या केसांचा म्हातारा येईल. बडी सत्तावीस वर्षांचे होते.

आता तुमचा पोटाचा प्रश्न. चेस या नामवंत ध्वनिमुद्रण कंपनीत बडी साठच्या दशकात वाजवत होते, पण बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांमागे. क्लबात ते ज्या आवाजात, ज्या कर्कश धारेने वाजवत, ते कंपनीच्या मालकाला गोंगाट वाटे. म्हणून तबकडीवर त्यांनी मवाळ वाजवायचे. घर चालवायला ते दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचे आणि रात्री गिटार हातात घ्यायचे. १९६५ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथल्या तरुण पोरांनी त्यांना डोळे फाडून पाहिले, आणि त्यांत गिटारवादक एरिक क्लॅप्टन होते. दोनतीन वर्षांत क्लॅप्टन आणि दुसरे गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी तसाच कर्कश, तारा ताणणारा आवाज जगभर नेला आणि लाखोंनी तबकड्या खपल्या. तेव्हा कंपनीचे मालक लेनर्ड चेस यांनी बडींना बोलावले, त्यांच्यापुढे ओणवे झाले आणि मला एक लाथ घाल म्हणाले, असे बडी सांगतात. ते हसत सांगतात, मला ते ऐकून हसू येत नाही. ज्या वयात हात सर्वांत चपळ असतो, त्या वयातले त्यांचे खरे वादन कंपनीने टिपलेच नाही. ती वर्षे चेसच्या कुठल्याच तबकडीत नाहीत.

पुढची वीस वर्षेही फारशी बरी गेली नाहीत. शिकागोत स्वतःचा क्लब काढला, तोही ब्लूजचाच. बाहेरगावचे कार्यक्रम मिळत, पण मोठी कंपनी विचारत नव्हती. १९९१ मध्ये ‘डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज’ हा संग्रह आला आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेव्हा बडी पंचावन्न वर्षांचे होते. आपल्याकडे सरकारी नोकर ज्या वयात निवृत्तीचे कागद जमवू लागतो, त्या वयात या माणसाला पहिल्यांदा त्याच्या मनासारखे वाजवू दिले गेले. पोट भरले कधी, याचे खरे उत्तर हे.

त्यांच्या गिटारवर मोठमोठे पांढरे ठिपके असतात. घर सोडताना त्यांनी आईला थाप मारली होती की, मी खूप पैसे कमवीन आणि ठिपक्याठिपक्यांच्या कॅडिलॅक मोटारीतून तुला भेटायला येईन. आई १९६८ मध्ये गेली. मोटार राहूनच गेली, म्हणून ते ठिपके गिटारवर आले.

मुंबईचेही खरे आहे. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी बडी आले होते आणि नंतरही येत राहिले. निरोपाच्या दौऱ्याची सुरुवात त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथूनच केली. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. ज्या महिन्यात बडी शिकागोला उतरले, त्याच्या पुढच्याच महिन्यात, याच स्टुडिओच्या मेहबूब खानांचा ‘मदर इंडिया’ पडद्यावर आला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकरी कुटुंबाची ती कथा बडींच्या आईवडिलांना अनोळखी वाटली नसती.

तुम्ही मोबाइलवर ऐकणार असाल तर आधी ब्लूज गायक ज्युनियर वेल्स यांचा ‘हूडू मॅन ब्लूज’ (१९६५) हा संग्रह ऐका. गिटार बडींची आहे, पण चेसशी करार असल्यामुळे वेष्टनावर त्यांचे नाव न छापता ‘फ्रेंडली चॅप’ असे टोपणनाव घातले होते. मुद्रण चालू असताना त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला, म्हणून गिटारची वायर ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरला जोडली. काही गाण्यांत गिटार पाण्याखालून आल्यासारखी थरथरते ती त्यामुळे. तुमच्या गावाकडच्या एखाद्या ऑर्गनवाल्याला ती गाणी जरूर ऐकवा. त्यानंतर बडींचा स्वतःचा ‘अ मॅन अँड द ब्लूज’ (१९६८) घ्या, आणि १९९१चा संग्रह सर्वांत शेवटी.