संध्याकाळी सातचा हिशेब

‘केंद्रात ठेवायला किती लागतील?’ धाकट्या भावाची दारू सुटल्यापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक मला हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. केंद्रातले दिवस मोजके असतात. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या जुन्या, अनुभवी संस्थेतही मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा. त्यानंतर माणूस घरी येतो आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळचे सात वाजतात. खर्चाचा खरा विचार तिथून पुढचा करायला हवा, आणि तो कुणीच करत नाही.

भाऊ घरी आला तेव्हा मी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर जुना खर्च लिहिला. महाराष्ट्रात 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढल्यापासून 180 मिलीची देशी किमान 80 रुपयांना आणि साधी विदेशी क्वार्टर किमान 205 रुपयांना झाली. रोज एक क्वार्टर धरली तर महिन्याला 6,150. सोडा, चखणा, सिगारेट, परतीची रिक्षा यांचे रोजचे किमान शंभर धरले तर आणखी 3,000. म्हणजे 9,150. कमी झालेला पगार, पडलेले खाडे, हरवलेले दोन मोबाइल यांत धरलेले नाहीत. मुद्दा एवढाच की, सोबर राहण्याचा खर्च ज्यातून करायचा ते पैसे घरात आधीपासून खर्च होतच होते.

आधी सोडतानाचं थोडं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं, भास होणं इथपर्यंत मजल जाते आणि त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीत डिटॉक्स करा. फिट आली किंवा माणूस भ्रमात बोलू लागला तर 108 ला फोन लावून रुग्णवाहिका बोलवा. सरकारी मेडिकल कॉलेजांचे मनोविकार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे खर्च फारसा नसतो. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत. त्यांची चौकशी 14446 या मोफत हेल्पलाइनवर होते. खासगीत जाण्याआधी हे दार वाजवून बघा.

खासगी केंद्रांबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तिथे आम्ही फसलो. पहिल्या खेपेला ज्या केंद्रात भावाला ठेवलं तिथे अनामत म्हणून मोठी रक्कम घेतली, पावती साध्या कागदावर दिली, औषधांचे पैसे वेगळे लावले आणि दहाव्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं तेव्हा अनामत परत मिळाली नाही. त्या दहा दिवसांत त्याला डॉक्टरांनी एकदाच पाहिलं होतं. म्हणून दाखल करण्याआधी विचारा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खाली नोंदणी आहे का? क्रमांक दाखवा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? औषधं, रक्ततपासण्या, जेवण फीमध्ये धरलेत का? मधेच नेलं तर किती परत? घरच्यांना भेटू देता का? शेवटच्या प्रश्नाला कुणी ‘महिनाभर अजिबात नाही’ म्हणालं, किंवा ‘आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो’ असं मोठेपणाने सांगितलं, तर तिथून उठा. बिल छापील घ्या. पैसे अडकलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला अर्जाची फी नसते. आम्हाला हे उशिरा कळलं.

विम्यावर विसंबू नका. बहुतेक आरोग्य पॉलिसींत दारू, अमली पदार्थ आणि त्यांमुळे होणारे आजार वगळल्याचं कलम असतं. पॉलिसीच्या ‘वगळलेल्या बाबीं’मध्ये ते शोधा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

औषधांचा खर्च डॉक्टर कोणती गोळी लिहून देतात त्यावर ठरतो. आमच्याकडे पहिले सहा महिने डॉक्टर, लिव्हरच्या तपासण्या आणि गोळ्या मिळून महिन्याला सरासरी 2,500 गेले. जेनेरिक चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा, बराच फरक पडतो. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. डायसल्फिराम नावाची गोळी काही घरांत आमटीत कालवून, न सांगता दिली जाते. ती घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची. ती चालू असताना खोकल्याची काही औषधं, द्राक्षासव, दशमूलारिष्ट अशी आसवं-अरिष्टंही वर्ज्य. त्यांत दारूचा अंश असतो.

आता सात वाजताचं. भाऊ पहिल्या आठवड्यात म्हणाला, “ताई, मला प्यावंसं वाटतंय असं नाही गं. सात वाजले की हात रिकामे होतात.” ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. रिकाम्या हातांना रोज काहीतरी द्यावं लागतं, आणि त्यावर पैसे खर्च करायला घरं कचरतात. ‘एवढं नुकसान केलं, आता नाटकं कसली बघतोस?’ असं आमच्याकडेही म्हटलं गेलं. चूक होती ती. आनंद हा या उपचाराचा भाग आहे. तो नसेल तर माणूस दात आवळून दिवस काढतो आणि कधीतरी थकतो.

पहिला आधार फुकट आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत त्यांच्या मराठी मीटिंगा होतात. फी नाही, नोंदणी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. मी गेले ती मीटिंग शाळेच्या वर्गात होती. तिसरी-चौथीच्या मुलांचे बाक, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे वर आलेले. फळ्यावर दुपारचा भागाकार तसाच होता. एक रिक्षावाले उठले, नाव सांगितलं, ‘फक्त आजचा दिवस’ म्हणाले आणि बायकोच्या मंगळसूत्राची गोष्ट सांगता सांगता थांबले. कुणी उपदेश केला नाही. मग कापडी पिशवी फिरली. ज्याने त्याने दहा-वीस घातले, काहींनी नुसताच हात घातला. त्यातूनच चहा आणि वर्गाचं भाडं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, तेही विनामूल्य. बायकोने, आईने, बहिणीने जावंच. आपणही त्या आजारात वर्षानुवर्षं होरपळलेलो असतो.

दुसरी गोष्ट प्रत्येकाची वेगळी. दारूच्या आधी या माणसाला काय आवडायचं ते आठवा. आमच्या माळ्यावर ढोलकी होती. शाई उडालेली, एक पुडी फाटलेली. दुरुस्तीला 900 रुपये झाले. दुकानदाराने पुडी चढवून थाप मारली तेव्हा भावाने मान डोलावली. चार वर्षांनी त्याची मान अशी डोलताना पाहिली मी. आता आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तो शिकायला जातो, महिन्याचे 1,000. मीटिंगची पिशवी आणि बस मिळून 700. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला बाल्कनीत बसून नाटक आणि नंतर बाहेर खाणं, 1,300. रविवारी येऊरला किंवा एखाद्या गडावर, डबा घरचा, 600. एकूण 3,600. 9,150 मधून हे आणि औषधांचे 2,500 वजा करा. 3,050 उरतात. ते देण्यांसाठी.

देणी सगळी एकदम फेडायला जाऊ नका. बारवाल्याची उधारी, मित्रांचे हातउसने, लोन अ‍ॅपचे हप्ते यांची यादी त्याला स्वतःच्या हाताने करू दे. ज्याचं व्याज जास्त ते आधी. पगाराचं कार्ड घरच्यांनी ठेवायचं का, हे त्याच्याशी बोलून ठरवा आणि मुदत घाला. आम्ही तीन महिने ठरवले होते, चौथ्या महिन्यात कार्ड परत दिलं. कायमचं काढून घेतलं की माणूस लहान मूल होतो.

खाण्यापिण्याचं सोपं आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांत ओढ उसळते, म्हणून सहाच्या सुमारास पोटात काहीतरी जाऊ दे. गोड खावंसं वाटतं, गुळपापडी करून ठेवा. कोकम सरबत, सोलकढी, ताक, पन्हं घरात असू दे. बिनदारूच्या बिअरच्या डब्यांवर पैसे घालवू नका. चव आणि वास तोच, जुनी वाट उघडते.

अवघड दिवस आधीच ओळखा. हळदीचा कार्यक्रम, विसर्जनाची रात्र, 31 डिसेंबर. हळदीला आम्ही जेवून जातो, आपल्या गाडीने जातो, नऊला निघतो. ‘बरं नाही, गोळ्या चालू आहेत’ एवढं उत्तर पुरतं. गटारीच्या दिवशी आमच्याकडे आता दीप अमावास्या होते. कणकेचे गोड दिवे उकडायचे, तूप घालून खायचे, आणि भाऊ समया घासतो.

स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर? आमच्याकडे एकदा झाली, सातव्या महिन्यात. घरात रडारड झाली. मीटिंगमधले एक काका रात्री साडेदहाला आले, त्याच्याजवळ बसून राहिले, सकाळी डॉक्टरांकडे नेलं. पैसे त्यांनी रिक्षाचेही घेतले नाहीत. स्लिप म्हणजे उपचार वाया गेला असं नाही. पण लपवू नका, त्याच दिवशी कळवा, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी.

तुमच्या घरात आज हा प्रश्न असेल तर कुठे पैसे भरण्याआधी दोन फोन करा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मन खचलं असेल तर टेलीमानसचा 14416. दोन्ही मोफत आहेत, आणि फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही.