विजेचे बिल द्यावे, घराचा रोजमेळ देऊ नये

जुन्या मीटरचे आकडे टिपायला महिन्यातून एकदा माणूस येई. आताच्या रीडिंगमधून मागचे वजा केले की युनिट निघत. त्या एका आकड्यावरून घरात कोण कधी उठले हे कळत नसे. स्मार्ट मीटरने दर अर्ध्या तासाला नोंद ठेवली तर ३० दिवसांत १,४४० आकडे जमतात.

हे आकडे बरेच काही सांगतात. महिनाभर पहाटे चारच्या आत दिवे लागू लागले की त्या घरात सहेरी होते, हे उघड झाले. आठ दिवस फक्त फ्रीज चालला, म्हणजे घर बंद आहे. ज्यांचा कारखाना घरातच आहे त्यांच्या मशीन किती तास चालल्या, काम वाढले की घटले, हेही दिसते. भाव पाडून मागणाऱ्या पार्टीला याहून अधिक काय हवे?

अमेरिकेतील एमआयटीचे जॉर्ज हार्ट यांनी मीटरच्या चढउतारावरून घरातील उपकरणे ओळखण्याची पद्धत १९८०च्या दशकात काढली. तिचा उपयोग टेहळणीसाठी होईल, असा इशाराही १९८९ साली त्यांनीच दिला. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीचे स्मार्ट मीटर खाजगीपणाच्या मुद्द्यावरच अडवले.

मग बिल कसे करायचे? वेळेनुसार दर असले तरी बिलाला १,४४० आकडे लागत नाहीत. दिवसाचे तीन टप्पे असतील तर महिन्याच्या तीन बेरजा पुरतात. आपण गिऱ्हाइकाला बिल देतो, दुकानाचा रोजमेळ देत नाही. तसेच हे आहे. २०११ मध्ये रियाल आणि डॅनेझिस या संशोधकांनी याहून पुढची रीत मांडली: मीटर नोंदींवर शिक्का मारतो, बिलाचा हिशेब ग्राहकाच्याच यंत्रावर होतो, आणि कंपनीला एकूण रक्कम व ती बरोबर असल्याचा गणिती पुरावा एवढेच जाते. लबाडी करता येत नाही आणि नोंदी घरातच राहतात.

कंपनीला गल्लीचा एकूण भारही हवा असतो, आणि ती गरज खरी आहे. त्यासाठी एक युक्ती आहे. तीन घरांचा वापर ३, ५ आणि २ युनिट, बेरीज १०. मीटरांनी आपसात गुप्त आकडे ठरवले: अधिक ४०, उणे १५, उणे २५, यांची बेरीज शून्य. कंपनीला कळते ४३, उणे १०, उणे २३. बेरीज पुन्हा १० येते, पण एकाही घराचा वापर समजत नाही.

महाराष्ट्रात महावितरण वेळेनुसार दराचे टीओडी मीटर बसवत आहे. आपल्याकडे मीटर आले की कार्यालयात अर्ज देऊन चार गोष्टी विचाराव्यात: नोंद किती मिनिटांनी होते, किती दिवस ठेवली जाते, कंपनीबाहेर कोणाला दिसते, आणि बिलापुरत्या बेरजा ठेवून बाकीच्या नोंदी पुसता येतील काय. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. आणि मीटरच्या अ‍ॅपचा पासवर्ड दुकानातल्या पोऱ्याकडे देऊ नये. अर्धी गुपिते तिथूनच बाहेर जातात.